इटलीत वाईन आणि हाताचा पास्ता: सासूबाईंना घेऊन कुठं राहावं?

टिळकवाडीची सूनबाई, १४ जून

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथं नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदाच विचारतेय, सांभाळून घ्या. मुलगा श्टुटगार्टला नोकरीला आहे, त्यानं सप्टेंबरात आम्हाला बोलावलंय. पाच दिवस त्याच्याकडं आणि मग दहा दिवस इटली असं ठरलंय. आम्ही म्हणजे मी, आमचे हे आणि सासूबाई. सासूबाईंचं वय ७२, गुडघे बरे आहेत, तोंड त्याहून बरं.

इथं बेळगावातल्या एका ट्रॅव्हलवाल्याकडं गेलो तर त्यानं नऊ दिवसात सहा गावं असा कागद हातात ठेवला, रोम, पिसा, व्हेनिस, मिलान सगळं कोंबलेलं, आणि रोज रात्री इंडियन डिनर. म्हटलं बाबा, आमटी-भात खायला इटलीला कशाला जाऊ, तो घरात रोजच असतोय की.

माझं म्हणणं एवढंच, एक-दोन ठिकाणी निवांत राहायचं आणि तिथल्या बायका घरात करतात तसलं जेवण आपल्या हातानं करायला शिकायचं. ह्यांचं म्हणणं वाईन. बँकेतून रिटायर झाल्यापासून मोबाईलवर वाईनचा अभ्यास जोरात चाललाय, प्रत्यक्ष अनुभव मात्र मडगावच्या साडूंच्या घरची गोड पोर्ट वाईन, ती पण पाणी घालून. आणि सासूबाई अंडं खात नाहीत, मटण-मासे तर लांबच. पण वळवटात, म्हणजे पिठाचे बारीक प्रकार हातानं वळण्यात, त्यांचा हात कुणी धरणार नाही, नणंदेच्या लग्नात रुखवतातले गव्हले, नखुले, मालत्या, फणुले, बोटवे सगळं त्यांनी एकटीनं वळलं होतं, तेही दोन महिने आधीपासून बसून.

तर कुठं राहू, क्लास कसा निवडू, बिनअंड्याचा पास्ता शिकवतात काय, वाईन प्यायला गेलो तर तिथं आमच्यासारख्याची फजिती होते काय, आणि तिथल्या लोकांना द्यायला कुंदा न्यावा म्हणतेय, टिकेल ना? जे जाऊन आलेत त्यांनीच सांगा, गूगल मी पण करतेय.


चोर्लाघाट, १४ जून

अक्का, तो कागद पहिला चुलीत घाला. मी शिकायला दोन वर्षं बोलोन्यात होतो, भाड्याच्या घरात, खाली एक म्हातारी राहायची, तिच्या कृपेनं जेवलो म्हणून सांगतो.

दहा दिवसाचे दोन तुकडे करा. पाच रात्री बोलोन्या, पाच रात्री दक्षिण तोस्काना, म्हणजे सिएनाच्या खाली मोंतेपुल्चानो-पिएन्झा भाग. फ्लोरेन्स मधे पडतंच, बोलोन्याहून फास्ट ट्रेननं चाळीस मिनिटं पण लागत नाहीत, एक दिवस उतरून बघा आणि पुढं चला. रोम-व्हेनिस सोडल्याचं वाईट वाटून घेऊ नका, ती काय पळून जात नाहीत.

हे दोन भागच का ते सांगतो, कारण तुमच्या घरात अंडंवाले आणि बिनअंड्यावाले दोन्ही आहेत. बोलोन्याकडं पास्ता म्हणजे मऊ गव्हाचा एकदम बारीक मैदा आणि अंडं, शंभर ग्रॅम पिठाला एक अंडं, पाण्याचा थेंब नाही. ते मळून तासभर झाकून ठेवतात आणि मग जवळपास मीटरभर लांब लाटण्यानं लाटतात, लाटण्याला मात्तारेल्लो म्हणायचं आणि लाटलेल्या पोळीला स्फोल्या, लाटणारी बाई ती स्फोलीना. आता स्फोल्या किती पातळ, तर आपल्या गल्लीत मांडे करणाऱ्या बायका हातावर फिरवून खापरावर टाकतात तेव्हा पलीकडचा माणूस दिसतो ना, तेवढी. फरक एवढाच की ती अर्धी पाटाच्या काठावरून खाली लोंबत सोडतात आणि पोटानं दाबून धरून लाटत जातात, म्हणजे तिच्याच वजनानं ती ताणत राहते. हे व्हिडिओ बघून येत नाही. खालच्या म्हातारीनं माझ्या पहिल्या सहा पोळ्या परत गोळा करून मळायला लावल्या होत्या, शिव्या काय दिल्या ते तेव्हा कळत नव्हतं, नंतर भाषा आल्यावर आठवून आठवून कळलं.

त्याच पोळीच्या पट्ट्या कापल्या की ताल्यातेल्ले. पट्टीची रुंदी शिजल्यावर आठ मिलिमीटर, हे १९७२ मध्ये बोलोन्याच्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये रीतसर नोंदवलंय, सोन्याची पट्टी करून ठेवलीय तिथं. मला आधी हे येडेपण वाटायचं. वर घालतात तो रागू, त्याची कृती पण १९८२ मध्ये नोंदवलेली, आणि त्यात बीफ असतं हे आधीच सांगून ठेवतो, तुमच्या घरात कोण काय खातं तुम्हीच बघा. लोणी आणि सेज नावाच्या पाल्यात परतलेला पास्ता मागा, तो साधा आणि झकास.

सासूबाईंचं काम तोस्कानात. तिथं सिएना-मोंतेपुल्चानोकडं पिची म्हणून जाड हातशेवया करतात. पीठ, पाणी, मीठ, चमचाभर ऑलिव्ह तेल. काही घरात थोडं अंडं घालतात म्हणून आधी विचारायचं, पण मूळ गरिबाचं खाणं ते, अंडी बाजारात विकायची असायची. पिठाची पट्टी दोन तळव्यात किंवा पाटावर वळत वळत लांबवत जायची. सासूबाई मास्तरणीलाच शिकवून येतील बघा. त्यावर आल्योने म्हणजे मोठ्या लसणीचा टोमॅटो घालून केलेला रस्सा, पूर्ण शाकाहारी.

क्लास कसा निवडायचा म्हणाल तर बोलोन्यातच चेझारिने म्हणून घरगुती स्वयंपाक करणाऱ्या बायकांचं जाळं आहे, २००४ पासून, त्यांच्या स्वतःच्या घरात जाऊन शिकता येतं आणि त्यांच्याच टेबलावर जेवता येतं. बोलोन्याच्या पूर्वेला फोर्लिमपोपोली गावात काझा आर्तुसी आहे, इटालियन घरगुती स्वयंपाकाचे आद्य म्हणावेत असे पेल्लेग्रिनो आर्तुसी तिथले, १८२० चा जन्म. तिथं शिकवणाऱ्या बायकांना मारिएत्ते म्हणतात, आर्तुसींच्या घरी चूल सांभाळणाऱ्या मारिएत्ताच्या नावावरून. चूल सांभाळणारीचं नाव राहिलं हे मला फार आवडलेलं.

वाईनचं दुसऱ्या कुणाला तरी सांगू दे, मी विद्यार्थी होतो, खोक्यातली प्यायचो. पण साहेबांना पहिल्या दिवशी लाम्ब्रुस्को द्या. लाल, फेसाळ, थंडगार, मोदेना-रेज्जोकडची, अमाबिले लिहिलेली असली तर गोडसर. साडूंच्या पोर्टवरून एकदम कडक लालवर उडी मारली तर तोंड वाकडं होईल.

आणि कुंदा नेऊ नका. दुधाचे पदार्थ बाहेरच्या देशातून सामानात युरोपात न्यायला बंदी आहे, आणि कुंदा म्हणजे नुसतं आटवलेलं दूधच की. गोकाकचं करदंट न्या, डिंक-गूळ-सुकामेवा, टिकतंय पण आणि म्हाताऱ्या खूश होतात.


खडेबाजार ७७, १४ जून

दहा दिवसाला एवढा खर्च करून पोळ्या लाटायला जायचं? आधी बेळगावात मांडे करायला शिका म्हणावं, आपल्याकडच्या किती बायकांना येतात आता.


टिळकवाडीची सूनबाई, १५ जून

खडेबाजार भाऊ, मला येत नाहीत, सासूबाईंना येतात, म्हणून तर त्यांना घेऊन जातेय. चोर्लाघाट, खूप खूप आभार, पिची वाचून दाखवलं तर आई म्हणाल्या, "म्हणजे बोटव्याची लांब बहीण." कुंद्याचं बरं झालं सांगितलं, मी दोन किलोची ऑर्डर द्यायला निघाले होते.


अथणीचा बेदाणेवाला, १५ जून

वहिनी, वाईनचं मी सांगतो. मी काय पिणारा न्हवं, पण द्राक्षवाला हाय, बागायतदारांची ट्रिप गेलती त्यात मी गेलतो. लोक चवीचं सांगतात, मी वेलीचं सांगतो, साहेबांना बाग बघताना मजा यील.

पहिली गोष्ट, आमच्याकडं वर्षात दोन छाटण्या, एप्रिलात खरड आणि ऑक्टोबरात फळछाटणी, वेलीला झोपच नाही. तिकडं थंडीत वेल पार वाळल्यासारखा होतोय, पानं झडत्यात, मग एकच छाटणी. म्हणून तिकडं साठ-सत्तर वर्षाची खोडं बघायला मिळत्यात, आमची बाग पंधरा-वीस वर्षात थकती. दुसरं, आमी डॉगरिजच्या खुंटावर कलम भरतो, क्षार आणि पाण्याच्या ताणासाठी, ती अमेरिकेची जात. मी तिथल्या शेतकऱ्याला खुणेनं कलमाची गाठ दाखवली तर तो हसला, त्यांचं पण खुंट अमेरिकेचंच, दीडशे-एक वर्षाखाली मुळं खाणारी कीड आली तवा सगळ्या युरोपानं तसंच केलं. तिथनं पुढं आमची दोघांची गट्टी जमली, भाषा येत न्हवती तरी.

तिसरं, माल किती काढायचा ह्याला नियम. किआंती क्लासिको म्हणून जो भाग हाय फ्लोरेन्स आणि सिएनाच्या मधी, तिथं हेक्टरी साडेसात टनाच्या वर द्राक्ष घ्यायला परवानगी नाही, म्हंजे एकरी तीन टन. आमच्याकडं एकरी तीन टन निघालं तर सोसायटीवाला दारात येऊन बसल. पण माल कमी म्हणून रस दाट, आणि बाटलीला तसा दर. त्या वाईनीत कमीत कमी ८० टक्के सांजोवेझे जातीचं द्राक्ष पायजे. चव तुरट, जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी ओढती तशी. नुसती पिऊ नये, खाण्याबरोबर प्यावी, मग तुरटपणा चीजमधी आणि तेलात विरतोय.

पण मला जे बघून गप्पकन थांबावंसं वाटलं ते व्हेरोनाजवळ, वाल्पोलिचेल्ला भागात. द्राक्षं काढून आणत्यात आणि बेदाण्यासारखी वाळत घालत्यात! माळ्यावर बांबूच्या चौकटी एकावर एक, त्यावर एकेक घड, घडाला घड लागू द्यायचा नाही, खिडक्या उघड्या, वारं खेळतं. आमच्या शेडमधी जाळीचे थर असत्यात डिट्टो तसं. आमी डिपिंग ऑईलमधी बुडवून पंधरा-अठरा दिवसात माल तयार करतो, चार किलोला किलोभर बेदाणा पडतो. ते काय बी न लावता तीन-चार महिने ठेवत्यात, वजन तिसऱ्या हिश्शानं तरी घटतं, आणि बेदाणा व्हायच्या आधीच दाबून रस काढत्यात. त्याची वाईन आमारोने. आधी त्या रसाची गोडच वाईन करायचे, रेचोतो म्हणत्यात, एक पिंप म्हणं विसरून राहिलं आणि त्यातली साखर सगळी आंबून कडू झाली, अशी गोष्ट सांगत्यात. आमारो म्हंजे कडू. मी एकच घोट घेतला. खरं सांगतो, बेदाण्याच्या शेडमधी पावसाळी हवेत जो वास कोंडतो तोच वास आला, आणि त्या वासाला मी आयुष्यभर घाबरत आलोय कारण तो आला की माल काळा पडतो आणि दर पडतो. त्यांनी त्यालाच बाटलीत भरून विकलंय बगा.

सप्टेंबरात जाताय ते बेस्ट. तवाच काढणी, वेंदेम्मिया म्हणत्यात. कुणाच्या बागंत दोन तास कात्री धरायला मिळाली तर सोडू नका.


चोर्लाघाट, १५ जून

बेदाणेवाले काका, तुम्ही असलं लिहित जावा हो नेहमी.

किआंतीचा विषय निघालाच तर बाटलीच्या गळ्याला काळा कोंबडा असतो त्याची गोष्ट सांगतो. फ्लोरेन्स आणि सिएना दोघांचं सीमेवरून भांडण. शेवटी असं ठरलं म्हणे, की कोंबडा आरवला की दोन्हीकडून एकेक घोडेस्वार निघायचा आणि जिथं भेटतील तिथं सीमा. सिएनावाल्यांनी पांढरा कोंबडा खाऊ-पिऊ घालून टम्म केला, तो झोपून राहिला. फ्लोरेन्सवाल्यांनी काळ्याला उपाशी ठेवलं, तो भुकेनं अंधारातच ओरडायला लागला. त्यांचा स्वार सिएनाच्या पार जवळ पोचला आणि सगळं किआंती त्यांना मिळालं. ही दंतकथा, पण १७१६ मध्ये मेदिची घराण्यातल्या तिसऱ्या कोझिमोनं हुकूम काढून किआंतीची हद्द ठरवली, ते मात्र कागदावर आहे.


खडेबाजार ७७, १५ जून

आमचं कोंबडं १९५६ पासून आरवायचं हाय.


निपाणीकर, १६ जून

खडेबाजार, एक नंबर. 😂 आता पुढं कुणी वाढवू नका, धागा बंद पडेल.

माझं दोन पैशाचं. तोस्कानात गाडी घ्यायचा मोह होतो, घ्या पण इंटरनॅशनल परमिट इथनंच काढून न्या आणि जुन्या गावात झेड-टी-एल लिहिलेला बोर्ड दिसला की गाडी आत घालू नका, कॅमेरा असतो. मी एका गावात चर्च बघायला म्हणून वळलो, कुणी अडवलं नाही, शिट्टी नाही काही नाही, घरी येऊन गणपती झाले दिवाळी झाली आणि मग दंडाचं पत्र आलं. एकाच रस्त्याची दोन, जाताना एक आणि येताना एक. आणि वाईन चाखायची तर चालवणाऱ्यानं चाखायची नाही, तिकडं मर्यादा लिटरभर रक्तात अर्धा ग्रॅम दारूची आहे, आणि आपल्या चोर्ला घाटासारखी ढिलाई नाही. गाडी नको असेल तर मोंतेपुल्चानोला ट्रेन थेट जात नाही, किउझीला उतरून बस. छोट्या ट्रेनचं कागदी तिकीट असेल तर चढायच्या आधी प्लॅटफॉर्मवरच्या मशीनमध्ये घालून शिक्का मारून घ्यायचा, नाहीतर तिकीट असून दंड.

व्हिसाचं: मुलगा जर्मनीत असला तरी जास्त रात्री इटलीत आहेत, तर अर्ज इटलीचाच करा. इन्शुरन्स कमीत कमी ३०,००० यूरोचा लागतो. सहा महिने आधीपासून अर्ज घेतात, जून अर्धा संपला, उठा.


वडगावची अन्नपूर्णा, १७ जून

ताई, मी शाकाहारी म्हणून जाऊन पस्तावलेली आहे म्हणून लिहितेय. क्लास म्हणून मी जिथं पैसे भरले (नाव घेत नाही) तिथं आम्ही बावीस जण, पुढं एक मुलगा माईक लावून पीठ मळतोय आणि आम्ही मागं उभं राहून फोटो काढतोय, शेवटी प्रत्येकीला लिंबाएवढा गोळा दिला, एक पट्टी कापली आणि टाळ्या. बुक करताना विचारायचं, किती जण, प्रत्येकाला स्वतःचा पाट-लाटणं आहे काय, आणि घर आहे की हॉल. सहा-आठच्या वर असतील तर नाही म्हणायचं.

आता शाकाहाराचं. "मांस नको" म्हटलं की ते मान डोलावतात पण त्यांच्या डोक्यात फक्त तुकडे येतात. पार्मिजानो आणि पेकोरिनो चीजमध्ये दूध गोठवायला वासराच्या किंवा कोकराच्या पोटातलं रेनेट घालतात, ते तुमच्या आईंना चालतं काय बघा, नसेल तर "सेन्झा फोर्माज्जो", म्हणजे चीज नको, म्हणायचं. रोमान्याकडं, म्हणजे बोलोन्याच्या पूर्वेला, पियादिना मिळते, दिसायला थेट आपली जाड चपाती, आई खूश होऊन उचलतील, पण जुन्या रीतीनं त्यात डुकराची चरबी असते, तेलातली मागायची. तोस्कानात सुरुवातीला टोस्टवर तपकिरी चटणी येते ती कोंबडीच्या काळजाची. मी अर्धा खाल्ला, पुढचं विचारू नका.

पण खायला भरपूर आहे हो. शिळ्या ब्रेडचे तर किती प्रकार, पान्झानेल्ला म्हणजे शिळा ब्रेड भिजवून पिळून टोमॅटो-कांदा-काकडी-तेल-व्हिनेगर, आपण भाकरी कुस्करून दही घालतो तसंच डोकं. पाप्पा अल पोमोदोरो म्हणजे ब्रेडचं टोमॅटोतलं घट्ट कालवण. तिथल्या ब्रेडमध्ये मीठच नसतं, पहिल्या घासाला वाटतं विसरले काय, पण खारट चीज आणि तेलाबरोबर बरोबर लागतो.

जेवायची वेळ सांभाळा. दुपारी अडीचनंतर किचन बंद, रात्री साडेसात-आठच्या आधी कोण विचारत नाही. आईंसाठी पिशवीत चिवडा ठेवा.


टिळकवाडीची सूनबाई, ६ ऑक्टोबर

मंडळी, जाऊन आले. तेव्हा ज्यांनी ज्यांनी लिहिलं त्यांना साष्टांग नमस्कार. बोलोन्या पाच, मोंतेपुल्चानोजवळ एका शेतावरच्या घरात पाच, जसं चोर्लाघाटनी सांगितलं तसंच केलं. शेतघराला आग्रीतुरिझ्मो म्हणतात, शेती करणाऱ्यानंच पाहुणे ठेवायचे असा तिकडं कायदा आहे, १९८५ पासून. त्यामुळं मालक सकाळी ट्रॅक्टरवर आणि रात्री आपल्याला वाढायला.

बोलोन्यात एका बाईंच्या घरी शिकलो, आम्ही तिघं आणि एक डॅनिश जोडपं, बस्स. आई म्हणाल्या होत्या मी नुसती बघीन, अंड्याला हात लावणार नाही. बाईंनी ताल्यातेल्ले झाल्यावर एक छोटी लाकडी फळी काढली, बारीक रेघा असलेली, आणि पिठाचा चौकोनी तुकडा पेन्सिलीसारख्या काडीवर गुंडाळून त्या रेघांवरून फिरवला, रेघांची नळी तयार. गार्गानेल्ली म्हणाल्या. फळीचं नाव पेत्तिने. मी फोनवर बघितलं, पेत्तिने म्हणजे कंगवा. तोवर आई उठून उभ्या. "अगं हे तर फणुलं!" आमच्या घरात जुनी लाकडी फणी आहे, खास त्यासाठी ठेवलेली, केसाला कधीच न लावलेली, तिच्यावर आई फणुले वळतात. त्या बाई सांगत होत्या की पूर्वी विणकामाच्या मागाची फणी वापरायचे, आणि आई शहापूरच्या, माहेरी माग होता, त्यांना मागाची फणी काय ते सांगावं लागलं नाही.

मग काय, आईंनी अंड्याचं पीठ बाजूला सारलं, कोरडा मैदा मागून घेतला, पाण्यात भिजवला आणि चिमटीत धरून गव्हले वळायला सुरुवात केली. तीळाएवढे. बाईंनी चष्मा काढला, परत घातला, आत जाऊन स्वतःच्या आईला घेऊन आल्या, ८६ वर्षाच्या. त्या दोघी म्हाताऱ्या समोरासमोर बसल्या, एक मराठीत, एक बोलोन्याच्या बोलीत, एकीला दुसरीचं अक्षर कळत नव्हतं आणि दीड तास बोलणं थांबलं नाही. आमचे ताल्यातेल्ले तोवर चिकटून एक गोळा झाला, तो परत लाटायला लागला.

तोस्कानात पिचीला मात्र आई हरल्या. त्यांचा हात बारीक वळायचा, आणि तिथली बाई परत परत म्हणायची जाड, जाड ठेवा. आईंना ते पटेना. "एवढं जाड म्हणजे दोरखंड झालं, शिजणार कधी." शेवटी दोन पातेली लावली, एक तिच्या जाडीचं, एक आईंच्या जाडीचं. खरं सांगायचं तर लसणीच्या रश्शात जाडच चांगले लागले, आईंनी खाल्ले दोन्ही, बोलल्या काही नाहीत.

आता ह्यांचं. लाम्ब्रुस्को पहिल्याच रात्री जमली, नंतर मोस्कातो दास्ती म्हणून पिएमोन्तेची हलकी गोड वाईन मिळाली, पाच-साडेपाच टक्क्यांची, ती मी पण प्यायले, आवडली, लपवत नाही. मग ह्यांना चेव आला आणि मोंताल्चिनोत जाऊन ब्रुनेल्लो मागवली, निव्वळ सांजोवेझेची, काढणीनंतर पाचव्या वर्षीच्या जानेवारीत कुठं विकायला निघते ती. चार महिन्याचा अभ्यास होता. ग्लास फिरवला, नाक घातलं, घोट घेतला आणि डोळे मिटून बराच वेळ गप्प. मालक वाट बघतोय. हे मराठीत म्हणाले, "जांभळाची बी चावल्यासारखं झालं गं." मी मालकाला सांगितलं, ते म्हणतायत अप्रतिम. दुसरा घोट मात्र पेकोरिनोच्या तुकड्याबरोबर घेतला आणि चेहरा खरंच बदलला, बेदाणेवाल्या भावजींचं वाक्य आठवलं. रोजच्या जेवणाला शेतघरातली सुटी वाईन असायची, काचेच्या सुरईत, पाव लिटर, अर्धा लिटर अशी, ह्यांना शेवटी तीच सगळ्यात आवडली. काढणी पण केली एक सकाळ, ह्यांनी दोन क्रेट भरले आणि तिसऱ्याला कंबर धरली.

एक गाढवपणा सांगते. दोन लिटरपर्यंत आणता येते म्हणून दोन बाटल्या घेतल्या, दुकानदार फुग्याच्या पिशव्या देत होता, हे म्हणाले कशाला चार यूरो, आईंच्या साडीत गुंडाळू. सांबऱ्याला विमानतळावर बॅग उघडली तर एक फुटलेली. आईंची पिवळी इरकल, आता अर्धी जांभळी. धोब्यानं हात जोडले. आई ती साडी तशीच नेसतात आणि येईल त्याला काठाखालचा डाग दाखवून इटली सांगतात.

येताना दिल्लीत थांबलो तेव्हा मुलानं फोनवर सांगितलं, २०२५ च्या डिसेंबरात लाल किल्ल्यात युनेस्कोची बैठक झाली त्यात इटलीचा स्वयंपाक आणि आपली दिवाळी दोन्ही एकाच बैठकीत वारशाच्या यादीत गेले. आईंना सांगितलं. म्हणाल्या, मग गव्हल्याचं काय?

आता काम आहे म्हणून लिहितेय. दक्षिणेकडचा पास्ता बिनअंड्याचा, कठीण गव्हाच्या दोनदा दळलेल्या बारीक रव्याचा असतो, ओरेक्किएत्ते म्हणजे कानाच्या पाळीसारखे, अंगठ्यानं दाबून करतात, त्या बोलोन्याच्या बाईंनी जाता जाता दाखवलं. तो कठीण गहू म्हणजे आपला बन्सीच. बाजारातला बन्सी रवा जाड पडतोय, फुटतोय. दोन किलो बन्सी गहू आणून ठेवलाय, आईंनी दिवाळीच्या आत करून बघायचं ठरवलंय. शहापूर-वडगाव-खासबाग भागात कुठली गिरणी एकदम बारीक, दोनदा दळून देईल? आमच्या गिरणीत आधी कुणाचं तरी जोंधळं दळलेलं असतं, पीठ काळपट येतंय.


वडगावची अन्नपूर्णा, ६ ऑक्टोबर

ताई, सोमवारी सकाळी सातला आमच्या गिरणीत या, पहिला नंबर लावू, रविवारी जातं टाकी लावून पुसून ठेवतात. पहिलं अर्धा किलो माझा गहू घालून जातं साफ करू, मग तुमचं. आईंना घेऊन या, आणि ती फणी पण आणा.